सोळा घरांची ओळ

मराठीच्या प्राध्यापकाच्या वर्षात एक महिना असा येतो की, त्या महिन्यात त्याच्या वर्गाकडे पाहून कुणालाही दया यावी. तो महिना वृत्तांचा. फळ्यावर लघूंच्या चंद्रकोरी आणि गुरूंच्या आडव्या रेघा उमटत असतात. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात एकोणीस अक्षरे असून ते बाराव्या अक्षरावर दम घेते, असे मी सांगत असतो. आणि समोरचा वर्ग पहिल्या अक्षरापासूनच दम धरून बसलेला असतो. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न येतो, तेवढ्यापुरते गण पाठ होतात, आणि निकालाच्या दिवशी ते आले त्या वाटेने निघून जातात. आमच्या भाषेत हजार वर्षे कवितेचा श्वास मोजला गेला, त्या मोजणीचा शेवट असा दोन गुणांत व्हावा, याची खंत प्रत्येक मराठीच्या शिक्षकाला असते. पण खंतीला तास मिळत नाही, तास अभ्यासक्रमाला असतो!

अशा त्या वर्गात दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. भुजंगप्रयाताचे चार 'य' गण मी मोडून दाखवीत होतो, तेव्हा एका पोराने हात वर करून विचारले, "सर, याचा ठेका कोनता?"

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण वृत्ताविषयी इतका रास्त प्रश्न मला वीस वर्षांच्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. तास संपल्यावर मी त्याला थांबवून घेतले. पोरगा एका खेड्यातून एस्टीने येणारा, दुपारी एका गॅरेजात काम करणारा. त्याने भीत भीत वहीचे शेवटचे पान उघडले. पानावर चौकोनांच्या रांगा आखलेल्या होत्या, एका रांगेत सोळा. आणि प्रत्येक चौकोनात एकेक अक्षर बसवलेले होते. मला वाटले, शब्दकोडे आहे. तो म्हणाला, "सर, हे रॅप हाय."

त्या दिवसापासून या विषयात तो माझा गुरू आणि मी त्याचा विद्यार्थी. जे शिकलो, ते या दिवाळीत वाचकांपुढे ठेवतो आहे. ज्यांच्या घरात एखादा मुलगा कानांत बोंडे अडकवून रात्री-बेरात्री मान हलवीत पुटपुटत असतो, त्या आईबापांनी तर हे अवश्य वाचावे. मुलगा कदाचित मात्रा मोजत असेल!

एक घर, एक तबकडी

आधी थोडे कुलवृत्त सांगितले पाहिजे. रॅपचे जन्मघर न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स या भागात आहे आणि त्याचा पत्तासुद्धा ठाऊक आहे : १५२०, सेज्विक अव्हेन्यू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथे सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने नाचगाण्याची एक मेजवानी भरवली आणि तबकड्या वाजवायला आपल्या भावाला उभे केले. हा भाऊ म्हणजे क्लाइव्ह कॅम्पबेल. जग त्याला 'डीजे कूल हर्क' म्हणून ओळखते. कुटुंब मूळचे जमैकाचे. रस्त्यात मोठमोठे कर्णे लावून गाणी वाजवायची आणि वाजवणाऱ्याने त्यावर लयीत बोलायचे, हा प्रकार जमैकात आधीपासून होता.

हर्कने एक गोष्ट हेरली. नाचणारी पोरे गाण्यापेक्षा गाण्याच्या मधल्या त्या तुकड्याची वाट बघतात, ज्यात गायक गप्प होतो आणि नुसता ताल उरतो. तो तुकडा असतो चार-दोन क्षणांचा. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवायची. झाले! क्षणभराचा ताल हवा तितका लांबला. आपल्याकडे तबलजी एकच ठेका धरून बसतो आणि त्यावर कीर्तनकाराचे निरूपण चालते, तशी ही सोय झाली. त्या मोकळ्या ठेक्यावर बोलणारा जो माणूस उभा राहिला, तो रॅपर.

पुढची हकीकत धावती सांगतो. १९७९ मध्ये शुगरहिल गँगचे 'रॅपर्स डिलाइट' निघाले आणि हा प्रकार गल्लीतून बाजारात आला. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांच्या 'द मेसेज'ने दाखवले की, या ठेक्यावर मौजमजेखेरीज पडक्या वस्तीचे दुःखही मांडता येते. १९८७ च्या 'पेड इन फुल'मध्ये राकीम या रॅपरने यमक ओळीच्या टोकाला न बांधता ओळीच्या पोटात, मध्ये, कुठेही पेरले. छंदाच्या दृष्टीने ही मोठीच क्रांती. आणि २०१८ साली केंड्रिक लमार या रॅपरच्या 'डॅम' या संग्रहाला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पंचेचाळीस वर्षांत गल्ली ते पुलित्झर! आमच्या ओवीला जात्यावरून ग्रंथात यायला याहून बराच अधिक काळ लागला असावा.

आपल्याकडे १९९२ च्या सुमारास बाबा सेहगलने हिंदीत रॅपची चुणूक दाखवली. पण खरी मुळे धरली ती मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांत. २०१५ साली डिव्हाइन आणि नेझी या दोघांचे 'मेरे गली में' आले, आणि त्याच जगावरचा झोया अख्तर यांचा 'गली बॉय' हा चित्रपट २०१९ मध्ये घरोघर पोचला. त्याच वर्षी 'स्वदेशी' या मुंबईच्या गटाने वारली कलावंत व कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेच्या जंगलासाठी 'द वारली रिव्हॉल्ट' केले. याच गटातला अमरावतीचा रॅपर आपले नाव '१००आरबीएच' असे लिहितो. शंभर म्हणजे 'सौ', म्हणून 'सौरभ'. नावातच श्लेष! मोरोपंतांनी पाठ थोपटली असती.

मोजणी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ : रॅपची ओळ रचतात कशी?

माझ्या गुरूने मला पहिला धडा दिला तो शब्दांविना. त्याने मोबाइलवर एक ठेका लावला. या ठेक्याला ही मंडळी 'बीट' म्हणतात. "सर, आधी टाळ्या," तो म्हणाला. एका आवर्तनात चार मात्रा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर ढोलाचा जड 'धुम्', दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर कोरडा 'टाक्'. या एका आवर्तनाला 'बार' म्हणतात. मद्यपानाशी या शब्दाचा काही संबंध नाही, हे पालकांच्या समाधानासाठी सांगून ठेवतो. साधारणपणे एक आवर्तन म्हणजे एक ओळ, आणि अशा सोळा ओळींचे एक कडवे. मिनिटाला ९० मात्रांची मध्यम लय धरली, तर सोळा आवर्तनांना ४३ सेकंदही लागत नाहीत. सुनीताच्या चौदा ओळींत केशवसुतांना जेवढी जागा होती, साधारण तेवढीच जागा. पण इथे घड्याळ चालू असते.

प्रत्येक मात्रेचे पुन्हा चार भाग करायचे, म्हणजे एका ओळीत सोळा घरे होतात. वहीतले चौकोन हेच. एका घरात एक उच्चार बसतो, किंवा घर रिकामे राहते. रिकाम्या घराचीही किंमत भरलेल्या घराइतकीच असते, हा दुसरा धडा.

तिसरा धडा ऐकून मी चकितच झालो. "शब्द लिवायचे नाईत. आधी नुसतं ड-डा-ड-डा म्हनायचं." ठेक्यावर निरर्थक बोल म्हणत राहायचे, कुठे घाई, कुठे विसावा, हे जिभेला आपोआप सापडते. त्या सापडलेल्या चालीत मग शब्द बसवायचे. तबल्याच्या शिष्याला हात लावू देण्याआधी गुरू बोलांची पढंत करून घेतात, तीच ही पद्धत. त्या पोराने पढंत हा शब्द ऐकलेला नव्हता. वस्तू मात्र त्याच्यापाशी होती.

आणि आता ज्या ठिकाणी माझे छंदःशास्त्र उपयोगी पडेल असे मला वाटले, त्याच ठिकाणी खरी गंमत आहे. मोजायचे काय? संस्कृत वृत्तांत लघु-गुरूंचा क्रम मोजतात, मात्रावृत्तांत मात्रा मोजतात. ओवी-अभंगांत अक्षरे मोजतात. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार ही अक्षरे कुणीही बोटांवर मोजावीत. रॅपमध्ये यांतले काहीच चालत नाही. 'पाच' हा शब्द कागदावर दोन अक्षरांचा. पण बोलताना शेवटच्या 'च'मधला 'अ' आपण गिळतो, म्हणून तोंडात तो एकच उच्चार. रॅप कागदावरच्या अक्षरांकडे बघत नाही, तोंडातले उच्चार मोजते. त्यामुळे ज्याचे तोंड जसे, तशी त्याची मोजणी. पुण्याच्या तोंडाची ओळ वऱ्हाडच्या तोंडात घातली, तर कुठे घर उरते, कुठे दोन उच्चार एकाच घरात भांडतात.

चार ओळींचे शवविच्छेदन

शास्त्र पुरे; उदाहरण घेऊ. त्या विद्यार्थ्याच्याच कडव्यातल्या या चार ओळी, त्याच्या परवानगीने देतो :

पाच चाळिसची एस्टी पकडतो, झोप रायते उशाले;
बाप इचारते, "पोट्ट्या, पुस्तक लागते कशाले?"
इहीर आटली, वावर गहान, कोरड पडली घशाले;
आंगठा लावला तुमी, बाबा, तो लावला सांगा कशाले?

पहिली ओळ घरांत मांडू. आडव्या रेघेने एक मात्रा संपते, आणि शून्य म्हणजे रिकामे घर :

पाच–चा–ळिस–ची | एस्–टी–प–कड् | तो–झोप–राय–ते | उ–शा–ले–०

पंधरा घरे भरली, शेवटचे मोकळे. 'उशाले'चा 'उ' नेमका चौथ्या मात्रेवर, त्या कोरड्या 'टाक्'वर पडतो. पुढच्या तिन्ही ओळींचे यमकही त्याच ठिकाणी पडले पाहिजे. म्हणून ही मंडळी ओळ शेवटाकडून लिहितात : आधी यमकाचे शब्द जमवून ठेवायचे, मग मागे सरकत ओळ भरायची. आता दुसरी ओळ :

बाप–इ–चार–ते | पोट्–ट्या–०–० | पुस्–तक–लाग–ते | क–शा–ले–०

पहिल्या 'टाक्'वर 'पोट्ट्या' आले, आणि लगेच दोन घरे रिकामी. बापाने हाक मारली आणि तो थांबला. जे बापाच्या मनात असेल, ते त्या दोन रिकाम्या घरांत आहे. मी त्याला विचारले, "ही जागा मुद्दाम सोडलीस?" तो म्हणाला, "सर, बाबा तसेच बोलते."

तिसऱ्या ओळीत शब्द गर्दी करतात. इहीर, वावर, घसा. विसावा कुठेच नाही. आणि चौथी ओळ तर सोळा उच्चारांची. ती पहिल्या घरापासून सुरू केली, तर 'कशाले' एक घर पुढे सरकते आणि 'टाक्' हुकतो. यावर त्याने काय करावे? तिसऱ्या ओळीचे जे शेवटचे घर मोकळे होते, त्यातच चौथीचा 'आं' टाकला :

घ–शा–ले–आंग् || ठा–लाव–ला–तु | मी–बा–बा–तो | लाव–ला–सां–गा | क–शा–ले

एका घराची ही आगाऊ उचल. ऐकताना एवढेच वाटते की, पोरगा घाईत आहे आणि बापाला बोलूनच टाकतो आहे. दोन ओळींच्या मध्ये श्वासालाही जागा नाही. तो श्वास चौथ्या ओळीनंतर घ्यायचा, आणि म्हणून पाचव्या ओळीची पहिली दोन घरे रिकामीच ठेवावी लागतात. श्वास कुठे घेणार, हे वहीत खूण करून ठेवायचे, हा चौथा धडा. सोळा ओळी भरगच्च लिहिल्या, तर ४३ सेकंदांत दोनशेचाळीस उच्चार होतात, सेकंदाला साडेपाचांच्या वर. माणसाची छाती काही भाता नव्हे!

आणि यमक? दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत 'कशाले' हा एकच शब्द आला, म्हणून पहिल्या वाचनात मी भुवई उंचावली. पण पाहा : बाप विचारतो, पुस्तक कशाले, म्हणजे कशासाठी. पोरगा उलट विचारतो, आंगठा कशाले, म्हणजे कोणत्या कागदाला. अक्षरे तीच, अर्थ निराळा. आपण आज ज्याला यमक म्हणतो ते शब्दांच्या शेवटांचे जुळणे. पण जुन्या अलंकारशास्त्रात यमक म्हणजे हेच : तीच अक्षरे पुन्हा, निराळ्या अर्थाने. चौथ्या ओळीच्या या फटकाऱ्याला रॅपवाले 'पंच' म्हणतात. दर चार ओळींनी असा एक आणि सोळाव्या ओळीत सर्वांत मोठा, अशी साधारण बांधणी असते : पहिल्या चारांत ठिकाण, दुसऱ्या चारांत पेच, तिसऱ्या चारांत कलाटणी, शेवटच्या चारांत निकाल. दोन कडव्यांमध्ये आठ आवर्तनांचे 'हुक' येते. ते आपले ध्रुपद.

पोवाडा आणि रॅप

इथे एक मोह होतो आणि तो आवरला पाहिजे. "यात नवीन काय? आमच्याकडे शाहीर होतेच!" असे म्हणून हात झटकणारी मंडळी मला सभांतून भेटतात. शाहीर होते, यात शंका नाही. अफझलखानाच्या वधावरचा अगिनदासाचा पोवाडा साडेतीनशे वर्षांहून जुना. कलगीवाले आणि तुरेवाले रात्र-रात्र सवाल-जवाब करीत. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, वामनदादा कर्डक यांनी शब्दांना रस्त्यावर आणले. गल्लीतली पोरे गोल करून एकामागून एक जागच्या जागी ओळी रचतात आणि एकमेकांची उणी काढतात, ते पाहून कलगी-तुऱ्याची आठवण न झाली तरच नवल.

पण पोवाडा म्हणजे रॅप नव्हे. शाहिराच्या मागे झीलकरी असतात, ते त्याला श्वास देतात. रॅपर एकटा असतो. शाहीर प्रसंग पाहून चाल बदलतो, लय चढवतो, डफ त्याच्या मागून येतो. रॅपरचा ठेका यंत्राचा. तो कुणासाठी थांबत नाही, माणसाने त्याच्यामागे यायचे असते. आणि सर्वांत मोठा फरक असा की, शाहीर बहुधा दुसऱ्याची कथा सांगतो, राजाची, वीराची, समाजाची; रॅपरने स्वतःची सांगायची असते. दुसऱ्याने लिहिलेल्या ओळी म्हणणे हे या जगात कमीपणाचे मानतात. पूर्वज दाखवून नातवाचे श्रेय काढून घेऊ नये.

प्रमाण आणि माप

या चार ओळी गेल्या वर्षी आमच्या स्नेहसंमेलनाच्या निवड समितीपुढे आल्या. समितीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ठेका आवडला, विषय आवडला. फक्त 'भाषा शुद्ध करून घ्या' एवढी त्यांची सूचना होती. त्यांनी जागच्या जागी दुरुस्तीही करून दाखवली : उशाला, कशाला, घशाला. सूचना सद्भावनेची होती. पाहुणे येणार, वर्तमानपत्रात छापून येणार, कॉलेजात मराठी कसली शिकवतात असे कुणी म्हणू नये!

मी कागद घेऊन मोजले. गंमत अशी की, त्या दुरुस्तीने यमकाला धक्का लागत नव्हता. 'ले'च्या जागी 'ला' आला, तरी घरे तेवढीच. 'विचारतो, पोरा' केले, तरी मोजणी जवळजवळ तीच. छंदाच्या नावाने मला त्या ओळींचा बचाव करता येईना. मग मी एवढेच म्हणालो, "यमक शाबूत राहते, मात्रा शाबूत राहतात, बाप मात्र नाहीसा होतो." कारण 'पुस्तक कशाला लागते?' असे विचारणारा बाप त्या घरात राहत नाही. तो कुठल्या तरी पाठ्यपुस्तकात राहतो आणि त्याला वाचता येते. ज्याने न वाचता आंगठा लावला, तो 'कशाले' म्हणतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. वऱ्हाडात नोकरीला आल्यावर 'करून रायलो', 'मले', 'तुले' ही रूपे ऐकून मलाही प्रथम मौज वाटत असे. पण बोली मौजेपुरती ठेवायची, विनोदी नाटकात गड्याच्या तोंडी घालायची, आणि गंभीर बोलायची वेळ आली की तिला वर्गाबाहेर उभे करायचे, हा आपला जुना शिरस्ता आहे. त्यामुळे होते असे की, ज्या मुलाला खरोखर काही सांगायचे असते, त्याला आधी आपले तोंड बदलावे लागते. आणि तोंड बदलेपर्यंत सांगायचे राहून जाते. त्या ठेक्याच्या सोळा घरांचा मला दिसलेला मोठा गुण हा की, तिथे कुणी शुद्ध-अशुद्ध विचारीत नाही. उच्चार घरात बसला की तो तुमचा.

समितीत तासभर वाद झाला. अखेर ओळी होत्या तशाच संमेलनात म्हटल्या गेल्या. सहकारी पहिल्या रांगेत बसले होते. चौथ्या ओळीवर त्यांनीही टाळी दिली, ती नेमकी 'टाक्'वर पडली.

कडवे मात्र अजून पुरे झालेले नाही. सोळांपैकी बारा ओळी झाल्या आहेत. शेवटच्या चारांची घरे वहीत आखून ठेवलेली आहेत, यमकाचे शब्दही समासात लिहून ठेवले आहेत, आणि घरे मात्र कोरी. "कागद पाह्यल्याशिवाय कसं लिवू, सर?" असे तो म्हणतो. बापाने ज्यावर आंगठा लावला, त्या दस्ताची नक्कल मिळावी म्हणून त्याने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अर्ज केला आहे. अर्जाचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून केला; तो मात्र प्रमाण मराठीत आहे, कचेरीला ठेका कळत नाही म्हणून. दर सोमवारी तो एस्टीतून उतरून आधी तिकडे जातो आणि मग वर्गात येतो.